संगमरवरी बाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला मी लबाड वाटणार नाही.

पारोस बेटावरच्या एका सुताराने तुतीच्या लाकडातून मला घडवले. माझी बैठक त्याच्या बायकोने लव्हाळ्याने विणली. पहिली बारा वर्षे मी बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात काढली. कोळी माझ्यावर बसून पत्ते कुटायचे आणि हरले की मलाच लाथ मारायचे. मग दुकानात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला होडीत टाकून समोरच्या ओसाड बेटावर पाठवण्यात आले. तिथे कुणी राहत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंती आहेत, आडवे पडलेले खांब आहेत, सरडे आहेत, आणि दिवसभरासाठी येणारा एक राखणदार. त्याचे नाव स्तामातिस. एकोणीस वर्षे तो माझ्यावर बसला.

आणि एकोणीस वर्षे माझ्यासमोर ती उभी होती.

पडक्या घराच्या अंगणातली संगमरवरी बाई. तिला डोके नाही. पण वस्त्राची एकेक चुणी अशी कोरलेली, की वारा आला तर हलेल असे वाटावे. दूरदूरचे लोक होडी करून यायचे, तिच्यापुढे श्वास रोखून उभे राहायचे, फोटो काढायचे. फोटोत मी येते म्हणून मला बाजूला सारायचे. तेही मी सोसले असते. पण स्तामातिस! सकाळी आला की तो आधी तिला विचारी, "काय बाईसाहेब, झोप झाली का?" दक्षिणेच्या वाऱ्याने लाल धूळ आणली की तो मऊ कुंचल्याने तिची चुणी न् चुणी झाडत बसे. ते काही त्याचे काम नव्हते. माझा मागचा पाय मात्र दोन वर्षे खिळखिळा होता. त्याच्याखाली त्याने एक चपटा दगड सारला, बस्स.

माझ्याइतकाच जळफळाट आणखी एका व्यक्तीचा होत होता. स्तामातिसची बायको कालिरोई. तो माझ्यावर बसून तिला फोन करी, तेव्हा तिचा आवाज मलाही ऐकू येई.

"खांद्यापाशी बारीक तडा दिसतोय गं. जीव खालीवर होतोय माझा."

"कुणाच्या खांद्यापाशी?"

"तिच्या."

की पलीकडून फोन बंद.

स्तामातिसच्या निवृत्तीला एक आठवडा उरला होता. व्होलोस शहरात राहणारी त्यांची मुलगी दोघांना कायमचे बोलावत होती. कालिरोईने खोकी बांधायला घेतली होती. स्तामातिस हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

सोमवारी आमचे बेट पाहुण्यांना बंद असते. त्या शेवटच्या सोमवारी याकुमिस नावाड्याची होडी फक्त या दोघांना घेऊन आली. "चार वाजता न्यायला येतो," असे सांगून तो परत गेला. कालिरोईने चर्चला जायचा निळा झगा घातला होता, कानात मोत्याचे डूल होते. नवऱ्याच्या कामाची जागा ती पहिल्यांदाच बघत होती. हातात चण्याचे वडे, बकरीचे चीज आणि खरबूज असलेली टोपली.

"टोपली ठेव इथे," ती म्हणाली. "आधी ती दाखव."

"कोण ती?"

"स्तामातिस, मला तोंड उघडायला लावू नकोस."

तो तिला अंगणात घेऊन आला. कालिरोईने बाईभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"अरे, हिला तर डोकंच नाही!" आणि ती खो खो हसली. "म्हणून जमतं होय तुझं! उलटून बोलत नाही, पाय पुसून घरात ये म्हणत नाही."

स्तामातिसही हसला. मला वाटले, मिटले. इतक्यात कालिरोईने त्या चुण्यांकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" तो ओरडला.

तिचा हात तिथेच थबकला. "तू एकोणीस वर्षं हिला न्हाऊमाखू घालतोस, आणि मी बोटही लावायचं नाही?"

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी?"

"हाताला घाम असतो," तो पुटपुटला.

ती आली आणि धपकन माझ्यावर बसली. मित्रांनो, मला आनंद झाला. माझ्यासारखेच जळणारे कुणीतरी पहिल्यांदा माझ्यावर बसले होते. पण दुसऱ्याच क्षणी मनात आले, आठवडाभराने हा हिचा होणार, मग माझे काय? आणि मला तिचाही हेवा वाटला. त्यामुळे झाले, की खालचा दगड सरकला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. माझा पाय मोडला. कालिरोई कलंडली आणि आधारासाठी तिने बाईलाच धरले.

बाई हलली. चबुतऱ्यातून कर्रकन आवाज आला. स्तामातिस धावत आला, आणि दोन्ही हातांनी त्याने सावरले ते बाईला. बायको खाली पडली.

कालिरोईचा गुडघा फुटला होता.

"बरं झालं," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मी उगाचच वेड्यासारखी जळते."

बाई स्थिर होताच स्तामातिसने तिला सोडले. तो कालिरोईजवळ गुडघ्यांवर बसला. रुमाल पाण्यात भिजवून जखमेतला एकेक खडा काढू लागला.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"तुला सांगायच्या गोष्टी आधी हिला सांगून बघायचो," तो मान खाली घालून म्हणाला. "मग तुला फोन लावायचो, आणि तोंडातून भलतंच निघायचं."

"काय सांगायच्या होत्या?"

"की मला व्होलोसची भीती वाटते. जावयाच्या घरात मी कोण? इथे निदान राखणदार तरी आहे."

कालिरोईने त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "हे तू दगडाला सांगितलंस! आणि मी तिकडे खोकी बांधतेय. गाढवा, मलाही भीती वाटते."

मग ते माझ्या मोडक्या पायाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. खरबूज खाता खाता तो म्हणाला, "जा, लाव तिला हात."

"राहू दे. सगळी बोटं चिकट झालीत," ती म्हणाली, आणि दोघेही हसले.

चार वाजता होडी आली. कालिरोई लंगडत निघाली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही घे बरोबर. हिनं मला पाडलं, पण तुझं तोंडही हिनंच उघडलं."

शेवटी ते व्होलोसला गेले, पण मुलीच्या घरी नाही. तिच्याच गल्लीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. स्तामातिसने मला नवा पाय बसवला. आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात असते. कालिरोई माझ्यावर बसून शेंगा सोलते. तो मुलीने दिलेल्या गुबगुबीत कोचावर बसतो. दोघे दिवसभर बोलतात, भांडतात, पुन्हा बोलतात. मला कुणी काही म्हणत नाही, आणि हो, मला त्या कोचाचा हेवा वाटतो.

मित्रांनो, संगमरवरी बाईची काळजी घ्यायला सगळे जग आहे. पण तुम्ही रोज ज्या वस्तूवर विसंबता, ज्या माणसावर विसंबता, त्यांना बघायला कुणी होडी करून येत नाही. ते काम तुम्हालाच करावे लागते.