करंगळीएवढे भोक

मित्रांनो, मी एक जुने भोक आहे. हसायचे तर लवकर हसून घ्या, कारण आज सकाळीच गवंड्याने मला बुजवले आहे आणि सिमेंट वाळत चालले आहे.

चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीत, अगदी उंचावर माझा जन्म झाला. मला पाडले इथल्या पहिल्या फादरांनी. वसंतात दिवस-रात्र समान होतात, त्यानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण. तो समान दिवस-रात्रीचा दिवसच हुकला तर पुढचे सगळेच हुकणार. म्हणून फादरांनी माझ्यातून येणारे भर दुपारचे ऊन अकरा वर्षे मोजले आणि ते पडते तिथे फरशीत पितळी पट्टी बसवली. एक म्हातारा सुतार भडकला होता. "देवाच्या घराला भोक पाडताय?"

फादर शांतपणे म्हणाले, "सूर्य त्याचाच, घरही त्याचंच. दोघांची गाठ घालून देतोय, एवढंच."

पुढे तोच सुतार रोज बाराला पट्टीपाशी येऊन उभा राहू लागला. ते माझे सुखाचे दिवस.

मग छापील कॅलेंडरे आली. पट्टीवर गालिचा पसरला आणि माझे काम कुणाच्या लक्षात राहिले नाही. पावसात माझ्याखालची भिंत ओली व्हायची. गळायचे वरचे फुटके कौल, नाव मात्र माझे. आताचे फादर मनाने चांगले, पण सणाआधी दुरुस्त्या उरकायची त्यांना घाई. "आधी ते भोक बुजवा," ते म्हणाले. मी जिवाच्या आकांताने त्यांच्या चष्म्यावर ऊन पाडले. ते बाजूला सरकले.

गवंडी गेला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी धुवायला गालिचा काढला आणि हाक मारली, "फादर, इथं काहीतरी कोरलंय."

फादर मोठ्याने वाचू लागले. "या खुणेवर ऊन येईल त्या दिवशी दिवस आणि रात्र समान." ते थबकले. "म्हणजे एकवीस मार्च, आजच की. पण इथे ऊन येणार कुठून?"

"त्या भोकातून. रोज गालिच्याच्या मधोमध आलं की बारा. मी घड्याळ त्यावरच लावते."

"मग आधी नाही का सांगायचं, मावशी?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

आता बाराला सात मिनिटे आहेत. मला दिसत नाही, फक्त ऐकू येते. शिडी करकरते आहे, फादरांना धाप लागली आहे, खालून मावशी "जपून, जपून" म्हणत आहेत. बाहेर सूर्य माझ्या पाठीशी येऊन थांबला आहे आणि मी त्याला आत घेऊ शकत नाही. मी अगदी रडकुंडीला आले आहे.

मित्रांनो, काहीही बुजवण्याआधी त्यातून काय येते ते एकदा बघत जा. आणि फादर, अजून चारच पायऱ्या. सिमेंट ओले आहे, तुमची करंगळी पुरेल.