सहा थर ओहोटी, सहा थर भरती

करावे गावातल्या जेटीजवळच्या मिठाच्या गोदामाचा गिलावा काढायला सुरुवात झाली आणि पंढरी मिस्त्रीचं जेवणावरून मन उडालं. घरच्यांना वाटलं, पित्त झालं असेल. पंढरीने तेच सांगितलं. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला पित्त शोभतं.

पंढरी म्हणजे गावातला मोठा मिस्त्री. अर्ध्या गावाची घरं त्याच्या हातची. त्याने बांधलेल्या भिंतीला कोणी गुण्या लावून बघत नसे. तो अपमान समजला जाई. आता तीन वर्षं काम सोडलेलं, पण सकाळी जेटीवर येऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बांधकामावर शेरे मारायचा, हा त्याचा शिरस्ता होता.

गोदाम इंग्रजांच्या काळातलं. मिठागरांतलं मीठ इथे साठायचं आणि मचव्यांत भरून बाहेरगावी जायचं. मिठागरं गेली, तिथे टॉवर आले, आणि गोदाम मच्छीमार सोसायटीच्या गळ्यात पडलं. सोसायटीने त्यात फाटकी जाळी ठेवली, गणपती मंडळाने मखरं ठेवली. बाकीची जागा उंदरांनी घेतली. पण सीवूड्सच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या वैदेही नावाच्या आर्किटेक्टला बाल्कनीतून त्याचं कौलारू छप्पर दिसायचं. जुन्या इमारती मुळात होत्या तशा दुरुस्त करायच्या, हेच तिचं काम. तिने दोन वर्षं अर्ज-विनंत्या करून सरकारी मंजुरी आणली. गोदाम दुरुस्त होणार आणि आत गावच्या कोळणींना मासळी विकायला पक्के ओटे मिळणार, असं ठरलं. गावाने तिला नारळ आणि पापलेट दिलं.

तिसऱ्या दिवशी खाडीकडच्या भिंतीचा गिलावा उतरला आणि वैदेही ओरडली. अपघात झाला असं वाटून सोसायटीचा चेअरमन भावेश चप्पल न घालताच धावत आला.

"हे बघा! हे बघा तुम्ही!" वैदेही भिंतीकडे हात करून म्हणाली.

भावेशने बघितलं. दगडाचे थर एका बाजूला उतरत गेले होते. खालचे सहा थर खाडीच्या दिशेने खाली कललेले, वरचे सहा परत वर चढलेले. मध्ये सगळी भिंत वाऱ्यावरच्या साडीसारखी हललेली दिसत होती.

"वाकडी हाय," भावेश म्हणाला.

"वाकडी नाही, भावेशदादा. लाट आहे ती! सहा थर खाली, सहा थर वर. ओहोटी किती तास?"

"सहा."

"आणि भरती?"

"सहाच की," म्हणताना भावेशच्या अंगावर काटा आला. "आयला, म्हाताऱ्यांनी काय डोकं लावलंय!"

जेटीच्या कठड्यावर बसलेल्या पंढरीने मान फिरवली आणि खाडीतल्या फ्लेमिंगोंकडे बघू लागला. त्याला फ्लेमिंगो आवडत नसत.

पण मान फिरवण्याचं कारण वेगळं होतं. एकोणनव्वद साली वादळात गोदामाची खाडीकडची भिंत पडली. त्याचे उस्ताद, तेव्हाचे मोठे मिस्त्री, उरणला लग्नाला गेलेले. चौतिशीतल्या पंढरीने छाती ठोकून काम घेतलं. तशाच डबर दगडाने, तशाच चुन्याने भिंत उभी करायची होती. थर सरळ यावा म्हणून दोरी बांधायची. एक टोक जमिनीकडच्या खुंटीला बांधलं, पण दुसरं टोक बांधायचं तिथे चिखल, खुंटी ठरेना. शेजारी दत्तूची होडी उभी होती. पंढरीने दोरी तिच्या डोलकाठीला बांधली आणि कामाला लागला. अमावास्या होती, दुपारी बाराला भर भरती. बाहेरगावचे सहा गडी हाताखाली घेऊन त्याने संध्याकाळपर्यंत सहा थर चढवले. तोवर पाणी ओसरत गेलं आणि होडी वीतभर, दीड वीत करत खाली गेली. तिच्याबरोबर दोरीही गेली.

मग आठवडाभर डबर आलं नाही. अष्टमीला आलं. त्या दिवशी दुपारपासून पाणी चढत होतं. होडी वर आली, दोरी वर आली, थरही वर आले.

परांची काढून पंढरी जेटीवर उभा राहिला तेव्हा त्याला दिसलं, आणि तो शरमला. गवंड्याची चूक म्हणून नव्हे. चुका कोणाच्या होत नाहीत? पण तो कोळ्याच्या पोटी जन्मलेला. त्याचा बाप झोपेत पाण्याची वेळ सांगायचा. कोळ्याचा पोरगा होडीला दोरी बांधतो आणि भरती-ओहोटी विसरतो, हे गावाला कळलं असतं तर गावातल्या प्रत्येक वरातीत त्याची नक्कल झाली असती. त्याने त्याच संध्याकाळी गिलावा मारला, जाड.

एका माणसाने मात्र ते आधी बघितलं होतं. दत्तूची बायको वेणूबाई. ती होडीत जाळं निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने निरोप धाडला की चूल फुटलीये, बघून जा. पंढरीने चूल बांधली. मग मोरी बांधली, मग पायरी, मग कपड्यांचा दगड, मग तुळशीवृंदावन. पस्तीस वर्षांत वेणूबाईचं घर आतून तीनदा नवं झालं. दत्तू वारला, तेव्हा पंढरी सांत्वनाला गेला. रडता रडता तिने न्हाणीघराच्या भिंतीची ओल दाखवली.

गिलावा निघाल्याच्या दिवशी ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्याच्यासमोर थांबली. वय ब्याऐंशी, पण नजर खेकड्यासारखी.

"काय रं पंढरी, म्हाताऱ्यांनी डोकं लावलाय म्हंतान."

"वेणूवयनी, हलू बोला."

"मी कुठं बोलतंय? मी तर पस्तीस वरसं गप हाय. आमचे मागच्या दारची लादी हललीये बघ."

पुढचे पंधरा दिवस पंढरीच्या जिवाला घोर लावून गेले. वैदेहीने चुन्याचा नमुना तपासायला पाठवला. तो जुन्या चुन्यासारखाच निघाला, कारण पंढरीने उस्तादांच्या मापाने सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुना कालवला होता. सोसायटीचे जुने कागद वाळवीने खाल्लेले, आणि त्या वादळात गावात इतकी पडझड झाली होती की गोदामाची भिंत कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. 'भिंतीत गोठलेली खाडी' अशा मथळ्याखाली पेपरात फोटो आला. टॉवरमधली माणसं रविवारी भिंतीपुढे उभी राहून सेल्फी काढू लागली. एका बाईने भिंतीला हात लावून डोळे मिटले आणि 'मला पाणी जाणवतंय' असं सांगितलं. भिंतीला ओल होती, ती गोष्ट वेगळी.

मग वैदेही पंढरीच्या घरी आली. हातात पेढे.

"काका, उत्तरेकडची भिंत उतरवावी लागणार. ती परत बांधताना मला हीच पद्धत हवी आहे. गिलाव्याखाली मूळ गोदामाच्या सगळ्या भिंती अशाच असणार. ही कला जाणणारं गावात कोणी उरलंय का, असं मी विचारलं. सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं."

"म्याडम, मना त्यातला काय कलत नाय."

"हाच तुमचा मोठेपणा," वैदेही म्हणाली.

तो भावेशकडे गेला. सगळं सांगणार होता, तोंड उघडून "भावेश, ती भिंत..." एवढंच म्हणाला.

"काका, त्या भिंतीनं गावाचं नाव काढलंय. आता काय शंका-बिंका काढू नका. भिंत बघायला सरकारी कमिटी येनार हाय. टेन्शन नको."

झालं. जवळच्या पावणे गावाहून चार गवंडी आले. एमआयडीसीत शेड बांधणारी, हात बसलेली माणसं. त्यांचा म्होरक्या रूपेश चाळिशीचा, मितभाषी. पंढरीने त्यांना शिकवायचं आणि आधी गोदामाच्या अंगणात चार फुटी नमुना भिंत उभारायची, असं ठरलं.

पंढरीने थापी हातात घेतली आणि पहिल्यांदाच त्याला एक गोष्ट उमगली. वाकडं बांधणं त्याला येत नव्हतं. डोक्याने ठरवून दगड तिरका ठेवावा, तर बोटं आपसूक त्याला सरळ बसवत. संध्याकाळी वैदेही आली तेव्हा भिंत आरशासारखी उभी होती.

"काका, लाट कुठे आहे?"

"येतंय. आत हाय," पंढरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दातओठ खाऊन वाकडं बांधलं. वैदेहीने लांबून बघितलं, जवळून बघितलं, मोबाइलमधल्या फोटोशी ताडून बघितलं.

"ही लाट नाही वाटत, काका. खड्डा वाटतो."

पस्तीस वर्षांपूर्वी चुकून जमलेलं आता मुद्दाम जमेना, याचा पंढरीला राग यायला लागला. कोणाचा राग, तेही कळेना.

तिसऱ्या दिवशी तो उशिरा पोचला. बघतो तर नमुना भिंत उभी, आणि तिच्यात सहा थर उतरलेले, सहा चढलेले. अगदी हुबेहूब. वैदेही टाळ्या वाजवत होती. रूपेश लाजून हात पुसत होता.

"कसा जमवला रं?" पंढरीने विचारलं.

"सोपं हाय मिस्त्री. ओळंबा पिशवीत ठेवून दिला. दोरी पन नाय लावली. म्याडम बोलल्या, डोळे मिटून खाडीचा विचार करा." मग जरा थांबून त्याने हळूच विचारलं, "मिस्त्री, खरं सांगू? मना भीती वाटतंय. बावीस वरसं सरल बांधला. हे हाताला लागला आणि पावण्यात शेड वाकडी जाली, तर कोन काम देनार?"

पंढरी आल्या पावली वळला. घरी गेला आणि आडवा झाला. गावाने हसावं, याची त्याला भीती होती. ती अजूनही होतीच. पण चांगल्या गवंड्याने ओळंबा पिशवीत ठेवला, तेही आपलं नाव घेऊन, हे त्याला सोसवेना. उस्तादांनी त्याच्या हातावर फळी मारून ओळंबा धरायला शिकवला होता. ते वारले, हे बरंच झालं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

सकाळी दहाला कमिटी आली. पाच माणसं, त्यांचे प्रमुख श्यामसुंदर नावाचे निवृत्त इंजिनिअर, टोपी घातलेले. निम्मं गाव जमलं होतं. वैदेहीने तक्ता लावला होता: चंद्राच्या कला, पाण्याच्या वेळा, भिंतीचे थर. ती छान बोलत होती. "त्या अनाम कारागिरांना समुद्राचं जे भान होतं..." इथपर्यंत ती आली, आणि पंढरी गर्दीतून पुढे झाला.

"अनाम नाय. मीच हाय तो."

भावेशने त्याचा सदरा मागून ओढला. पंढरीने तो सोडवून घेतला.

"एकोननव्वद साली ही भिंत मी बांधली. दोरी होडीला बांधली. पानी उतरला, होडी उतरली, मना कललाच नाय. कोल्याचा पोर असून कलला नाय. मग गिलावा मारला. यात कला-बिला काय नाय, चूक हाय. या गवंड्यांना वाकडा शिकवू नका."

मागे कोणाच्या तरी पाटीतला बोंबील सटकून खाली पडला, तेवढाच आवाज. मग गर्दीत कुठूनतरी हसू फुटलं आणि बघता बघता सगळी जेटी हसायला लागली. पंढरी मान खाली घालून उभा राहिला. पस्तीस वर्षं ज्याला तो भ्याला, ते हे एवढंच होतं. कान तापले, पण तो जागचा हलला नाही.

श्यामसुंदर साहेब हसत नव्हते. त्यांनी टोपी काढली.

"होडी नेमकी कुठे होती?"

पंढरीने जागा दाखवली.

"तिथी?"

"अमावास्या. आनि मग अष्टमी."

साहेबांनी वैदेहीच्या तक्त्यावर बोट फिरवलं. "म्हणजे या बाईंचं बरोबरच आहे. भिंतीत भरती-ओहोटीच आहे. फक्त कारागिराला ते माहीत नव्हतं."

याने वैदेहीचं समाधान झालं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती तक्ता गुंडाळून निघून गेली आणि दोन दिवस तिने कोणाचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी पंढरीच्या दारात उभी. पेढे नव्हते.

"काका, दिल्लीला परिषदेत मी या भिंतीवर बोलून आले. माझं हसं झालं."

"म्याडम, माजा तुमच्याआधी जाला."

तिला हसायचं नव्हतं, पण हसली. मग तिथेच पायरीवर बसली आणि वही उघडली. "आता खरं सांगा. चुना कसा कालवलात, सुरखी किती, सगळं. भिंत वाकडी का आहे ते कळलं. पस्तीस पावसाळे ती पडली का नाही, ते मला कळायचंय."

हे पंढरीला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत बोलत होता.

कमिटीने निर्णय दिला. खाडीकडची भिंत आहे तशी ठेवायची, आणि तिची खरी हकीकत लिहून लावायची. उत्तरेची भिंत सरळ. पंढरीने ती रूपेश आणि गवंड्यांकडून पाच महिने घासून करून घेतली. दर थराला ओळंबा, दर थराला पाणसळ. रूपेश एकदा वैतागून म्हणाला की यापेक्षा लाट परवडली. पंढरीने तो पूर्ण थर उतरवायला लावला.

डिसेंबरमध्ये गोदामातला मासळीबाजार उघडला. वेणूबाईने दाराजवळचा ओटा पटकावला. गावभरच्या कोळणी, टॉवरमधली माणसं, पेपरवाले, सगळे आले आणि सगळे खाडीकडच्या भिंतीपुढे जमले. तिथे पाटी लावली होती, मराठीत आणि इंग्रजीत. तीत पंढरीचं पूर्ण नाव, साल, आणि होडीचा उल्लेख. पोरंसोरं मोठ्याने वाचत होती. फोटोसाठी रांग लागली.

उत्तरेच्या भिंतीपुढे कोणी फिरकलं नाही. पंढरी नवा सदरा घालून एकटाच तिच्याजवळ उभा होता. बराच वेळ त्याने वाट बघितली. शेवटी न राहवून त्याने मासळी घेऊन चाललेल्या एका अनोळखी गृहस्थाला अडवलं.

"ओ साहेब, जरा हिकडं पन बघा की. ही सरल हाय."

गृहस्थाने भिंत बघितली. "हो, छान आहे," म्हणाला, आणि लाटेची भिंत कुठे आहे ते विचारलं.