नांदूरघाटचा करडईचा घाणा

मित्रांनो, नांदूरघाटच्या बाजारतळामागून जाताना पत्र्याच्या शेडमधून लाकडाची करकर ऐकू आली, तर तो मी. मी एक जुना लाकडी घाणा आहे, आणि मला उभं राहणं सोसत नाही.

सटवा सुताराने मला चिंचेच्या बुंध्यातून कोरलं. पोटात खोल उखळ आणि त्यात फिरणारा जाड लाकडी दांडा, म्हणजे लाट. म्हाळू तेल्याचा बैल माझ्याभोवती फिरायचा, लाट करडई चिरडायची आणि खालच्या नळीतून पिवळं तेल ठिबकायचं. त्या तेलाचा वास दाणे भाजताना येतो तसा होता. लोक ते कच्चंच शेंगदाण्याच्या चटणीवर ओतून भाकरीशी खायचे. धपाट्यांना तेच, लोणच्यालाही तेच. “म्हाळूचं तेल जिभेवर रेंगाळतं,” असं लोक म्हणायचे आणि मी मनातून फुलायचो.

पुढे दुकानात पिशवीतलं तेल आलं. त्याला ना रंग, ना वास. म्हाळू थकला, बैल गेला आणि मी लिंबाखाली उघड्यावर पडलो. तीस वर्षं! कोंबड्या माझ्या उखळात अंडी घालायच्या. रस्त्याने बैलगाडी गेली की माझी लाट आतल्या आत तळमळायची. फिरण्यासाठी जन्मलेल्याला असं रुतवून ठेवणं फार वाईट, मित्रांनो.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. कापूस करपला, तूर वाळली. काळ्या रानात थोडीफार करडई तेवढी तगली, कारण तिचं मूळ ओलीच्या मागे खोल जातं. गावातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. घरच्या करडईचं तेल गाळायचं आणि उरलेली पेंड शेळ्यांना घालायची, असा बेत. अध्यक्ष झाल्या चतुराबाई, मोठ्या वाड्यावरच्या. सभासदांत भीमनगरातल्या सिंधुबाईही होत्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात.

बायकांनी मला घासलं, तेल पाजलं, शेडमध्ये नेऊन मोटार जोडली. मी सुटलोच! तीस वर्षांची खाज एका दिवसात भागवायची होती मला. पट्टा सणसणत होता, तेल भराभर उतरत होतं आणि बायका खुश होत्या.

ते तेल बीडला अन्वरचाचांच्या बेकरीत गेलं. चाचा काही गिऱ्हाइकांसाठी परदेशी ऑलिव्ह तेलाचे केक करायचे, पण ते तेल वेळेवर मिळत नव्हतं. गावचं तेल जमलं तर दर आठवड्याला घेईन, असा त्यांनी शब्द दिला होता. आठ दिवसांनी डबा परत आला. केकला कडवट, जळका वास येतो, असा चाचांचा निरोप होता.

करडईची दोनच पोती उरली होती आणि तीही पेरणीसाठी राखलेली. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला मी दारात शोभेला हवा होतो. त्याला देऊन मोकळं व्हावं, असं दोघीतिघी म्हणाल्या.

सिंधुबाईंनी माझ्या अंगावर तळवा ठेवला. मी अजून गरम होतो.

“ह्यो लई पळतोय,” त्या म्हणाल्या. “पळालं की तेल तापतं, अन् तापलं की कडू व्हतं. म्हाळूबाबाचा बैल पेंगत चालायचा.”

चतुराबाईंनी विचारलं, “तुला कसं ठावं? मी तर त्यांच्या ओट्यावर बसायची, मला न्हाई ध्यानात.”

“तुमचं तेल आधी निघायचं, बाई. तुमी निघून जायच्या. आमी लांब उभं राहायचो, समद्यांचं झाल्यावर आमचं. दिवसभर बैलाची पावलंच मोजायची मी.”

चतुराबाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, की हळू चाल करून बघायला राखलेलं बियाणं गाळलं तर पेरायचं काय? रानात ओलच नाही, पेरलं तरी मुंग्याच खातील, असं सिंधुबाई म्हणाल्या. शेवटी एक पोतं ठेवायचं आणि एक गाळायचं, असं ठरलं.

मी हळू फिरावं म्हणून मोटारीचा पट्टा माझ्या बाजूला बसवलेल्या मोठ्या चाकावर चढवला. सिंधुबाई शेजारी उभ्या राहून पावलं मोजत होत्या. ती चाल मला जाचली. प्रत्येक फेऱ्याला वाटे, उसळी घ्यावी. पण तेल थेंब थेंब उतरू लागलं, गार, आणि तो दाण्यांचा वास शेडभर पसरला. चतुराबाईंनी भाकरीचा तुकडा पुढे केला. सिंधुबाईंनी त्यावर तेल घातलं, आणि दोघींनी तो मोडून खाल्ला.

हे तेल बीडला गेलं, आणि या वेळी निरोपाऐवजी चाचा स्वतः आले. केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहिला, आणि नानकटाईला तर हेच तेल शोभतं, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि राखलेलं पोतं रानात गेलं.

मित्रांनो, वीज गेली की मी अजूनही तळमळतो. तो स्वभाव काही जात नाही. पण एक मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूला शोभेला उभी करू नका, तिला काम द्या. आणि तिची खरी चाल कोणती, हे विचारायला ओट्यावर बसलेल्यांकडेच जाऊ नका. लांब उभं राहून जो सगळं बघत होता, त्याला आत बोलवा.