रंगीत पाणी

टेलरबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. स्वतःच्या मापाची म्हणावी अशी एकच गोष्ट त्यांनी हाती घेतली, ती म्हणजे कयाक. एकट्या माणसानं बसून वल्हवायची, दोन्ही टोकांना निमुळती होडी. दुकानामागच्या शेडमध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवत त्यांनी ती उभी केली, तेव्हा शेजारपाजारचे आधी हसले, मग बघायला आले आणि शेवटी सल्ले द्यायला लागले. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाच्या बापाचं काय जातं?

बाईंचं म्हणणं साधं होतं. शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून नदीचं रुंद पात्र दिसे. साठी जवळ आली तरी त्या पाण्यावर त्या एकदाही गेल्या नव्हत्या. पलीकडच्या काठावर जायचं आणि तिथून आपली खिडकी कशी दिसते ते बघायचं, एवढीच हौस. परगावी असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, हे काय वय आहे का?" वहिनींनी नाक मुरडलं. बाजूनं उभा राहिला तो एकटा दादा.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्याचं आयुष्य गेलं. औषध मिसळताना थेंब इकडचा तिकडे होणार नाही असा हात, आणि चिकट इतका की बाटलीच्या तळाचा थेंबही त्याला टाकवत नसे. त्याचा एक ठेवणीतला किस्सा होता. एखाद्या पेशंटला औषध देण्यात काही अर्थ नसला की डॉक्टर नुसती भुवई उडवत. मग दादा साखरेच्या पाण्यात लाल रंग टाकी, बाटलीला बूच लावी आणि तोंड गंभीर करून सांगे, "हलवून घ्या. जेवणानंतर." वर पुन्हा म्हणे, "माणूस खूश, आपलं काय जातंय?" हा किस्सा ऐकून बाई दर वेळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. दादावर त्यांचा जीव होता. यजमानांच्या शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी औषधाची बाटली घेऊन दारात उभा राहणारा तोच होता.

होडीवर कापड चढवायचा दिवस आला. काचेच्या धाग्यांचं ते पांढरं कापड बाईंनी स्वतः बेतलं. कात्री लावली की धागे सुटत, अंगाला खाज सुटे, पण कापड ते कापड. पालथ्या होडीवर त्यांनी ते अंथरलं आणि तळहातानं एकेक सुरकुती काढली. आता त्यात इपॉक्सी, म्हणजे वाळलं की दगडासारखं होणारं चिकट रसायन, मुरवायचं होतं. त्याचे दोन डबे होते, मोठ्यात रेझिन आणि लहानात हार्डनर. दोन वाट्यांना एक वाटी, असं माप. हार्डनर कमी पडलं तर ते मिश्रण जन्मात कडक होत नाही.

"ते माझ्यावर सोड," दादा म्हणाला. "तू फक्त पसरव. एकदा मिसळलं की ते थांबत नाही. हात थांबवू नकोस अन् मागं बघत बसू नकोस."

बाईंनी मागं बघितलं नाही. दादा दाराशी स्टुलावर बसून मिसळत होता, "घे" म्हणून वाटी पुढं करत होता आणि बाई ती होडीवर ओतून रबरी पट्टीनं ओढत होत्या. ओलं होता होता पांढरं कापड दिसेनासं होई आणि खालचं लाकूड मधाच्या रंगाचं होऊन वर येई. शेवटची वाटी संपली तेव्हा बाईंना भरून आलं. "दादा, तू नसतास तर माझं काही झालं नसतं," त्या म्हणाल्या. दादा वाटी पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. दादा म्हणाला, "हवा गार आहे, वेळ लागेल." बाईंनी घरातला हीटर शेडमध्ये आणला. तरी चिकटच. आणखी काही दिवस गेले. होडीवर धूळ बसली, माश्या बसल्या आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत.

"माल खराब निघाला असणार," दादा हळूच म्हणाला. "आता एवढं खरवडून पुन्हा कुठं करत बसतेस? जाऊ दे. हौस झाली ना?"

पण बाई ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुकानदाराची चांगली हजेरी घ्यायची म्हणून त्यांनी दोन हातांत दोन डबे घेतले आणि तरातरा निघाल्या. काय काय सुनवायचं ते तोंडात तयार होतं. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि उजवा हात भरून आला म्हणून त्यांनी डब्यांची अदलाबदल केली. आता डावा भरून आला.

बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मोठा डबा रिकामा होता, तळापर्यंत निपटलेला. जड होता तो लहान. विकणारा दोन्ही डबे जोडीनं देतो ते याचसाठी, की दोन्ही एकदमच संपावेत. हार्डनर अर्धं उरलं होतं. झाकण घट्ट दाबलेलं, वरून फडकं बांधलेलं. चोरी साधली, पण चोर चप्पल विसरून गेला. उरलेलं ओतून टाकणं दादाच्या स्वभावात नव्हतं. आणि अर्धा डबा चुकणं त्या हाताला शक्यच नव्हतं.

बाई दुकानात गेल्याच नाहीत. दुपारी दादा नेहमीसारखा शेडमध्ये आला तेव्हा डबे कापड बेतायच्या टेबलावर ठेवलेले होते.

"लहान डबा उचल," बाई म्हणाल्या.

दादानं उचलला आणि लगेच खाली ठेवला. स्टुलावर बसला.

"तुझ्या लेकाचा फोन आला होता," तो म्हणाला. "मामा, आता तुम्हीच थांबवा म्हणाला. घरी तुझी वहिनी रोज डोकं खाते. तुला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

"मग नको म्हणायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. महिनाभर बोलले नसते. पण माझ्या बाजूनं उभा राहून केसानं गळा कापलास."

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

"म्हणजे मलासुद्धा तू रंगीत पाणीच पाजलंस."

दादा सवयीनं हसायला गेला. हसू अर्धंच आलं. बाई त्याच्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या मनात भलतंच काही वर येत होतं. चमच्यातलं औषध लाल असायचं. यजमान म्हणायचे, "गोड आहे गं हे." त्या म्हणायच्या, "गोड तर गोड, घ्या मुकाट्यानं."

"दादा, ह्यांच्या बाटलीत काय होतं?"

दादा डब्याच्या झाकणावरचं फडकं सोडत आणि पुन्हा बांधत राहिला. "डॉक्टर म्हणाले होते, आता कशाचा उपयोग नाही. तुला सांगायचा मला धीर झाला नाही. तू इतक्या आशेनं चमचा भरायचीस."

"त्यांना माझ्याशी काहीतरी बोलायचं असायचं," बाई म्हणाल्या. "रोज सुरुवात करायचे. मी म्हणायचे, आधी औषध घ्या, बरे व्हा, मग काय ते बोला. बोलायला वेळ आहे, असं वाटायचं मला."

दादाच्या डोळ्यांना धार लागली. बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. संताप इतका होता की रडायला जागाच नव्हती.

"नवा डबा आणू," टेबलावरची वाटी उचलत दादा म्हणाला. "मी मिसळून देतो. या वेळी अगदी..."

"वाटी ठेव खाली."

त्यानं ठेवली. बाई होडीच्या टोकाशी गेल्या, कापडाची कड नखानं उचलली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागल्या. कापड कुठंही अडलं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलंच्या ओलं हातात आलं.