जिन्याचा दर

ऑफिसात त्यांना सगळे 'कात्री' म्हणत, अर्थात पाठीमागे. हुद्दा वरिष्ठ क्वांटिटी सर्व्हेयरचा. इमारतीला काय आणि किती लागेल ते नकाशावरून मोजून अंदाजपत्रक करायचं, आणि पुढे कंत्राटदाराचं बिल आलं की ते छाटायचं, हे त्यांचं काम. भिंतीच्या मापातून खिडकी वजा करायला कुणी विसरलं की कात्रीसाहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटत. लवकरच विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. ती आपल्याच घरी येणार, असं त्यांच्या बायकोने नणंदा-जावांना कळवूनही टाकलं होतं.

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला. एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात साहेबांनी स्लॅबमधून जिन्याची मोकळी जागा अगदी काटेकोर वजा केली होती. जिना मात्र धरायचाच राहिला होता. कंत्राटदाराला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, पण आपण होऊन सांगायला तो काय खुळा होता? स्लॅब ओतून होईपर्यंत मिठाची गुळणी धरून बसला.

मग एका दुपारी साइटवर त्याने साहेबांना बाजूला घेतलं.

"साहेब, नवा बदल म्हणून जिना लिहून टाकू. डॉक्टरबाईंना नकाशातलं काय कळतंय? तुमच्या नावाला बट्टा नाही. फक्त दर मी सांगेन तो."

साहेबांच्या जिवात जीव आला. खोटं लिहायला त्यांची काहीच हरकत नव्हती. खुर्चीपुढे एवढं तेवढं चालायचंच. त्यांनी पेन उघडलं आणि त्याने पुढे केलेला कागद पाहिला. नेहमीच्या तिप्पट दर!

"अहो, जिना काँक्रीटचा करणार ना? की चांदीचा?"

"गरज तुमची आहे, साहेब."

त्यांनी पेन टेकवलं. पण ज्या हाताने जन्मभर खिळ्यांचीसुद्धा बिलं कापली, तो हात काही केल्या पुढे सरकेना. तेवढ्यात मोठे साहेब डॉक्टरबाईंना इमारत दाखवायला घेऊन आले. बाईंनी बांबूच्या शिडीकडे पाहिलं आणि विचारलं, "जिना कधी होणार?"

"जिना मीच धरायला विसरलो," कात्रीसाहेब एकदम बोलून गेले. "पण हा दर मी मेलो तरी मंजूर करणार नाही! करारातल्या काँक्रीटच्याच दराने होईल!"

मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. खुर्ची गेली, हे साहेबांना तिथेच कळून चुकलं. ती पुढे ज्यांना मिळाली, त्यांच्या अंदाजपत्रकात कधीच चूक निघाली नव्हती, कारण त्यांनी ते कधी केलंच नव्हतं. डॉक्टरबाईंचे मात्र डोळे भरून आले.

"इतका सचोटीचा माणूस आजकाल कुठे बघायला मिळतो हो?" त्या म्हणाल्या. कात्रीसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी गेल्यावर कंत्राटदार जवळ आला.

"साहेब, खरं सांगा. मी दर जरा कमी लावला असता तर?"

साहेबांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. लाज वाटत होती, पण चुकीचा आकडा सांगणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"नेहमीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त असता," ते म्हणाले, "तर सही केली असती."

कंत्राटदार विटांच्या ढिगावर मटकन बसला.