तनूताईचा सल्ला

तेजस्विनीला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तनुजाला कुणी काही विचारलं नाही. ती तिला सांभाळून घेणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तळवड्याच्या त्या जोडघरात भिंतीपलीकडे चुलते दादासाहेब राहायचे आणि त्यांची ही लेक आता तिसऱ्या वर्षाला असलेल्या तनुजाच्याच कॉलेजात, तिच्याच रसायनशास्त्राला येणार होती.

"तू पुढं गेलीयास तनू," आजोबा, म्हणजे आबाजी, ओट्यावरून म्हणाले. "तिला समदं नीट सांग. कुठं बसायचं, कुणाशी बोलायचं, कुणाशी न्हाई."

"आन् तुझी जर्नलं दे तिला," तेजस्विनीची आई शालनकाकू म्हणाली. "माळ्यावर पडून ती काय करत्यात?"

तनुजानं जर्नलं दिली आणि सल्लेही दिले. पुढच्या बाकावर बस. जर्नल त्याच दिवशी पूर्ण कर. पुस्तकात सापडेल ते मॅडमना विचारायला जाऊ नकोस, त्या लक्षात ठेवतात. कॅन्टीनमध्ये रेंगाळू नकोस. यात खोटं काहीच नव्हतं. ती स्वतः असंच वागून दोन्ही वर्षं वर्गात पहिली आली होती. तिच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती. तिला कुणी हाकही मारत नव्हतं, पण हे तिच्या ध्यानात यायला तेजस्विनी कॉलेजात यावी लागली.

दोघी एकाच स्कूटीवरून निगडीला कॉलेजात जात. महिन्याभरातच फाटकाशी हाका सुरू झाल्या, "ए तेजू!" मागे बसलेली तेजू दोन्ही हात सोडून सगळ्यांना उत्तर द्यायची. स्कूटी चालवणारीकडे कुणाचं लक्ष नसायचं. तेजस्विनी मधल्या बाकावर बसायची, कॅन्टीनमध्ये रेंगाळायची आणि पुस्तकात धडधडीत छापलेलं मॅडमना जाऊन विचारायची. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. तनुजाला वाईट वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. तेजस्विनी मात्र पेपर घेऊन रसायनशास्त्राच्या देशमाने मॅडमकडे गेली आणि अर्धा तास तिथंच बसून आली. प्रयोगशाळेतले मालोजीमामा, ज्यांनी दोन वर्षांत तनुजाला "ओ मॅडम, नळ बंद करा" याखेरीज काही म्हटलं नव्हतं, ते आपल्या थर्मासमधला चहा तेजस्विनीला टोपणात ओतून द्यायचे.

"तुला चहा का देतात गं ते?" तनुजानं एकदा न राहवून विचारलं.

"मी मागितला," तेजस्विनी म्हणाली.

तनुजाला खरं तर चहाचं काही नव्हतं. तिला देशमाने मॅडमच्या नदीच्या कामात जागा हवी होती. इंद्रायणीचं पाणी ठिकठिकाणाहून आणायचं, तपासायचं, महिनोन्‌महिने नोंदी ठेवायच्या. मॅडम एका विद्यार्थ्याला सोबत घेत आणि आधीचा मुलगा नुकताच पास होऊन गेला होता. त्या कामाच्या जोरावर पुढे एम.एस्सी.ला चांगल्या ठिकाणी जाता आलं असतं. तनुजा दोन वर्षं वाट बघत होती. पहिला नंबर दिसत असताना मॅडम आपणहून बोलावतील, याची तिला खात्री होती. यंदा त्यांनी तिला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मदतीला घेतलं, तेव्हा तिला वाटलं, आता बोलावणं आलंच.

त्या दिवशी पहिल्या वर्षाचं टायट्रेशन होतं. ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायची, फ्लास्कमधल्या ॲसिडला फिकट गुलाबी रंग चढला की थांबायचं आणि किती लागली ते लिहायचं. उत्तर दहा मिलीच्या आसपास येतं, हे सगळ्या कॉलेजाला ठाऊक होतं. मागच्या वर्षीच्या जर्नलात दहा असे, त्याच्या मागच्यातही दहाच. तनुजा टेबलांमधून फिरत होती.

"तनूताई, माझं अकरा पॉइंट चार येतंय."

"हळू सोड. तुझी घाई नडते."

थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. "आताही अकरा चारच. मघापासून तेच येतंय."

"मग दहा लिही."

"पण आलंय अकरा चार."

"तेजू, सगळ्यांचं दहा आहे. माझ्या जर्नलात बघ, काय आहे?"

"दहा."

"मग?"

तेजस्विनीनं फ्लास्ककडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "मी मॅडमना विचारून येते," म्हणाली आणि निघाली.

तनुजानं तिला अडवलं नाही. आज हिला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागणार, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचारानं आतून गोड वाटलं. ते गोड वाटणं तिनं ओळखलं, तरी थुंकून टाकलं नाही.

मॅडम आल्या. त्यांनी ब्युरेट पाहिली, अल्कलीची बाटली उचलली आणि साऱ्या टेबलांवरून एक फेरी मारली.

"कितीजणांचं दहा आलंय?"

सगळे हात वर गेले, एक सोडून.

"ही बाटली मागच्या सत्रातली आहे. झाकण नीट बसत नाही, हवा लागून अल्कली कमजोर झालीये. दहामध्ये रंग येणंच शक्य नाही." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "मग दहा लिहायला कुणी सांगितलं?"

तनुजा कपाटाला पाठ लावून उभी होती. तिला आठवेना, पहिल्या वर्षी आपलं खरोखर किती आलं होतं. जर्नलात दहा होतं, एवढंच आठवत होतं. आता तेजू बोलेल, असं वाटून तिनं जीव मुठीत धरला. तेजस्विनी ब्युरेट धुवत राहिली. वर बघितलंसुद्धा नाही तिनं. तनुजाला वाटलं, त्यापेक्षा हिनं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान हिच्यावर रागावता तरी आलं असतं.

शनिवारी कळलं, नदीचं काम तेजस्विनीला मिळालं.

"आगं पैल्या वर्साच्या पोरीला!" शालनकाकू वाडीवस्तीला सांगत सुटली. आबाजींनी पेढे मागवले. तनुजानं पेढा खाल्ला. गोड लागला नाही. आपलं हक्काचं ताट कुणीतरी ओढून नेलंय, असं तिला सारखं वाटत राहिलं, आणि ओढणारी तर समोर बसून दुसरा पेढा उचलत होती.

सोमवारी ती मॅडमच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. या खोलीत ती बोलावल्याशिवाय कधीच आली नव्हती.

"मॅडम, नदीचं काम मला हवं होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस? तास संपला की तू दाराबाहेर पडलेली असायचीस. मला वाटलं, हिला मार्कांपलीकडे काही नको असावं."

 दहा लिहायचा सल्ला आपलाच होता, हेही तनुजानं सांगून टाकलं.

"अंदाज होता मला," मॅडम म्हणाल्या. "जागा एकच आहे आणि ती दिली. नमुने आणणं मात्र एका माणसाला जड जातं. नाव तिचंच राहील. तिच्या हाताखाली काम करायची तयारी असेल, तर तिला जाऊन विचार."

तेजस्विनी पार्किंगमध्ये स्कूटीवर एका बाजूला पाय सोडून वडापाव खात होती. तनुजा समोर जाऊन थांबली. नको, असंही वाटलं. मागे फिरलं तरी चालण्यासारखं होतं. घरी कुणाला कळलं नसतं.

"तेजू, तुझ्याबरोबर पाणी आणायला मी येऊ का?"

तेजस्विनीनं घास गिळला. "तू? माझ्या हाताखाली?"

"हो."

"आबांना सांगशील असं?"

"सांगीन."

तेजस्विनी वडापावचा कागद चुरगाळत उठली. मग हसली. त्या हसण्यात थोडी मस्ती होती आणि ती तनुजाला टोचली.

"रविवारी सहाला निघायचं," तेजस्विनी म्हणाली. "आणि ताई, बाटलीत जे येईल तेच लिहायचं हां."

"कळलं," तनुजा म्हणाली, स्कूटीची किल्ली तिच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर बसली.