पाटीवरचं वजन

उस्ताद निवृत्त झाले तेव्हा बाईंना वाटलं होतं, आठ-दहा दिवसांत नवा ड्रायव्हर येईल. फिरत्या वाचनालयाची गाडी सतरा वर्षं उस्तादांनीच चालवली होती. पुस्तकांची देवघेव बाई बघायच्या. जाता-येता उस्तादांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे. खड्डे, गुडघे, धाकट्या लेकीची सासू, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. बाई एकट्या राहत. दिवसभरात माणसाचा म्हणून जेवढा आवाज कानावर पडायचा तो त्या गाडीतच, हे त्यांना उस्ताद लेकीकडे दुसऱ्या गावी गेल्यावर उमगलं.

दोन महिने गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. शेवटी वाचनालयाचे साहेब म्हणाले, "नवा माणूस काही मिळत नाही हो. तुम्ही स्वतःची कार चालवता ना? मग ही चालवायला काय हरकत आहे?"

बाईंनी लगेच किल्ली उचलली. पण शेडमधला मेकॅनिक पुढे आला.

"लायसन्स बघू बाई. हे कारचं आहे. यावर साडेसात हजार किलोपर्यंतच गाडी चालवता येते. ही पुस्तकं भरून आठ हजाराच्या पुढे जाते."

"मग पुस्तकं कमी करते," बाई म्हणाल्या.

आठवडाभर त्या खोकी उतरवत होत्या. आधी जाडजूड कोश गेले, मग कुणी वर्षानुवर्षं न उघडलेले चरित्रांचे खंड. कादंबऱ्यांवर हात टाकताना मात्र जीव तुटला. मेकॅनिकने गाडी वजनकाट्यावर नेऊन दिली. चिठ्ठी आली, सात हजार तीनशे चाळीस. बाईंना लॉटरी लागल्यासारखं झालं. ती चिठ्ठी पर्समध्ये जपून घेऊन त्या तडक परवाना कार्यालयात गेल्या.

खिडकीतल्या कारकुनाने चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला.

"बाई, काटा काय म्हणतो ते आम्ही बघत नाही. गाडीच्या दाराजवळच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"आठ हजार दोनशे."

"बस. भरलेल्या गाडीचं एकूण वजन जास्तीत जास्त किती असू शकतं, तो हा आकडा. आत एक पुस्तक नसलं तरी कायद्याला ती आठ हजार दोनशेचीच."

"म्हणजे आठवडाभर मी नुसतीच खोकी वाहिली?"

कारकुनाला वाईट वाटलं असावं. त्याने दोन वाटा सांगितल्या. गाडी तपासून पाटीवरचा आकडाच कमी करून घ्यायचा, नाहीतर मोठ्या गाडीची परीक्षा द्यायची. पहिल्या वाटेसाठी अर्ज साहेबांनी करायला हवा होता. साहेब म्हणाले, "दोन वर्षांत गाडी भंगारात जाणार, आता कुठे खटपट करता?"

मग बाईंनी परीक्षेचा फॉर्म भरला. वय बावन्न. ट्रकच्या शिकवणीत त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचे चौघे होते. ते त्यांना काकू म्हणत, दार उघडून देत आणि चहाला जाताना हाक मारायला विसरत. पहिल्या खेपेला मागे घेताना खांबाला गाडी घासली आणि बाई नापास झाल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चप्पलही न काढता तासभर खुर्चीत बसून काढला. नापास झाल्याचं सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते दुःखही धड होईना.

दुसऱ्या खेपेला पास झाल्या, तेव्हा मात्र त्यांनी उस्तादांना फोन लावला.

"शेवटी शिकलात की नाही?" उस्ताद हसले. "मागे घेताना आरशावर जाऊ नका, खाली उतरून बघायचं." पलीकडे नातवंडांचा गलका चालला होता. "काय रे? हो, येतो. बाई, मी नंतर बोलतो हं."

नंतर फोन आला नाही. बाईंनी राग धरला नाही. भरल्या घरात कुणाचं भान राहतं?

पुस्तकं पुन्हा फळ्यांवर चढली आणि सोमवारी गाडी निघाली. पहिल्या थांब्यावर पूर्वी अकरा जण यायचे, तीन आले. दुसऱ्यावर कुणीच नाही. बाईंनी केबिनमध्ये डबा उघडला, चार घास खाल्ले आणि बंद केला. एवढा खटाटोप कुणासाठी, हा प्रश्न त्यांना आता टाळता येईना.

शेवटच्या थांब्यावर, कापड गिरणीच्या भिंतीपाशी, शिवणकाम करणारी एक बाई उभी होती. मानेभोवती टेप तसाच लोंबत होता.

"दर सोमवारी येऊन बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, बंदच पडली वाटतं गाडी."

तिने पुस्तक निवडलं, पण खाली उतरेना.

"थोडा वेळ इथेच वाचू का? घरी मशीन आणि मी. शांतता नुसती खायला उठते."

"वाचा की," बाई म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे?"

ती फळ्यांमधल्या पायरीवर बसली. बाई समोर नोंदवही घेऊन बसल्या. असाच अर्धा तास गेला. पान उलटल्याचा आवाज येत होता, मधूनच शिवणवाली स्वतःशीच हसत होती. उन्हं उतरल्यावर तिने पानाचा कोपरा दुमडला, बाईंकडे बघून जीभ चावली आणि पुन्हा सरळ केला.

"पुढच्या सोमवारी?" तिने विचारलं.

"याच वेळेला," बाई म्हणाल्या आणि गाडी वळवायला जागा आहे का ते बघायला खाली उतरल्या.